तिकडीचं कलिंगड

मला समजावून सांगायची खोड आहे. समोरच्याला हवं असो वा नसो. एकदा साताऱ्याहून सांगलीला येताना एस.टी.त शेजारच्या माणसाला मी उसाला तुरा का येतो ते सांगत होतो. कराडला तो उठला, मला वाटलं उतरला. सांगलीत पाहिलं तर मागच्या बाकावर जाऊन बसलेला. बायको म्हणते, देवानं सगळ्यांना तोंड दिलं, तुम्हाला नुसती टकळी दिली. ह्याच टकळीपायी शहात्तरच्या उन्हाळ्यात एका मुलीचा संसार मोडायच्या बेताला आला होता. ते मी आजवर कुणाला नीट सांगितलेलं नाही. त्यात माझी बाजू काही चांगली नाही, हे आधीच सांगून टाकतो.

मी मूळचा माण तालुक्यातला. शिकून सांगलीच्या वरच्या अंगाला, कृष्णाकाठच्या एका लहानशा फळसंशोधन केंद्रात सहायक म्हणून लागलो. केंद्र म्हणजे पत्र्याच्या दोन खोल्या, एक सूक्ष्मदर्शक, एक जुनी जीप आणि आमचे साहेब. साहेबांनी मनावर घेतलं होतं की बिनबियांचं कलिंगड करायचं. परदेशात झालं होतं, इकडे आमच्या भागात कुणी केलेलं नव्हतं. साहेब कमी बोलायचे. त्यामुळे गावात जाऊन सांगायचं काम माझ्याकडे आलं, आणि मला तेच हवं होतं.

तर सांगतो. कलिंगडाच्या प्रत्येक पेशीत बावीस गुणसूत्रं असतात. अकरा आईकडची, अकरा बापाकडची. म्हणजे गुणांचे दोन संच. दह्यातल्या जंतूचं एकाच संचात भागतं, त्याला जोडीचं काही पडलेलं नाही. पण झाडामाणसांचं गाडं जोडीवर चालतं. बी धरायची वेळ आली की ही गुणसूत्रं जोडीजोडीनं समोरासमोर उभी राहतात आणि निम्मी निम्मी वाटली जातात. आता कोवळ्या रोपाच्या शेंड्यावर एका औषधाचे थेंब टाकले की पेशी वाटणी करायला विसरते. बाविसाची चव्वेचाळीस होतात, दोनाचे चार संच. पानं जाड होतात, वेल आळशी होतो, बिया कमी पण टपोऱ्या येतात. ह्याला आम्ही चौकडी म्हणायचो. ह्या चौकडीच्या मादीफुलावर साध्या जोडीच्या वेलाचा पराग घातला की पोटी येतं ते तीन संचांचं बी. ती तिकडी. तिचा वेल उभ्या वाळूत माजतो, फळ भरदार येतं. फक्त बी धरत नाही. एका जुवाला दोन बैल लागतात. तिसरा आणून उभा केला की तो कुठे जुंपायचा? तिकडीत प्रत्येक ठिकाणी असा एक बैल मोकळा राहतो, वाटणी फिसकटते आणि बियांच्या जागी पांढरी मऊ टरफलं तेवढी राहतात.

ते औषध म्हणजे कोल्चिसिन. मागच्या खोलीत, कपाटात, तपकिरी बाटलीत. जहाल विष. रोपांवर टाकलं तर शंभरातली सत्तर-ऐंशी मरायची, उरलेल्यांतली बरीचशी पुन्हा जोडीवर यायची. त्र्याहत्तर साली आम्ही ते वापरलं, दोन-तीन चौकड्या हाताला लागल्या आणि बाटली कुलपात गेली ती गेली. साहेबांनी त्या खोलीच्या दारावर स्वतःच्या अक्षरात पाटी लावली होती : गरोदर स्त्रीने आत येऊ नये. केंद्रात झाडलोट करायला येणारी बाई सोडली तर स्त्री म्हणून कुणी नव्हतंच, पण पाटी होती. मी घरी जाताना तीनतीनदा साबणानं हात धुवायचो. बायको दारात हातांचा वास घ्यायची आणि मग चहा द्यायची. त्याला कारण होतं. आमची दोन मुलं पोटातच गेली होती, दोन्ही तिसऱ्या-चौथ्या महिन्यात. औषधाचा त्याच्याशी संबंध नव्हता, दुसऱ्या खेपेला तर बाटली कुलपात होती. डॉक्टरीणबाईंनीही तसंच सांगितलं होतं. तरी आम्ही दोघं त्या पाटीबद्दल कधी बोललो नाही.

पंचाहत्तरच्या पावसाळ्यानंतर आमच्याकडे तिकडीचं बी पोटलीभर झालं. ते लावायला वाळू हवी होती. कृष्णेचं पाणी उतरलं की पात्रात आळी करून, शेणखत घालून कलिंगडं लावणारी काही घरं तिथे होती. त्यातल्या एका आक्कानं होय म्हटलं. तिचा नवरा मुंबईत गिरणीत, मुलगा फौजेत आसामकडे. घरात ती, तिची एकोणीस-वीस वर्षांची सून आणि थोरले दीर. दीर फौजेतून हवालदार होऊन आलेले, सगळं गाव त्यांना हवालदारच म्हणायचं. घरातला शब्द त्यांचा. वाळूतला शब्द मात्र आक्काचा.

पौषात आळी भरली. तिकडीचं बी जाड सालीचं, आपणहून फुटत नाही. एकेक बी चिमट्यानं टोकाला चिरून, ओल्या फडक्यात गुंडाळून उबेला ठेवावं लागतं. हे काम आक्काच्या सुनेनं केलं. तिची बोटं बारीक होती आणि ती एकही बी वाया जाऊ द्यायची नाही. तिकडीच्या दर तीन ओळींनंतर एक ओळ साध्या पट्ट्यापट्ट्याच्या कलिंगडाची लावली, कारण तिकडीचा स्वतःचा पराग पोकळ असतो, फळ धरायला शेजारचा लागतो. हे मी सविस्तर समजावलं. आक्का खुरपं थांबवून ऐकत होती.

"म्हंजी मास्तर," ती म्हणाली, "हिला पोट येनार, पर प्वार न्हाई व्हायाचं. आन् त्ये पोट बी शेजाऱ्याच्या जिवावर!"

सून पदर तोंडाला लावून हसली. मीही हसलो. मला ते सगळे मास्तर म्हणायचे, का ते सांगायला नको.

आक्काच्या घरात एक रीत होती. वाळूतलं पहिलं फळ देठासकट तोडायचं, नदीत बुडवून काढायचं आणि घरातल्या धाकट्या सुनेच्या ओटीत घालायचं. तिनं ते तिथेच फोडायचं, पहिली फोड स्वतः खायची आणि बिया थुंकायच्या नाहीत, पदरात धरायच्या. पुढच्या वर्षी पहिल्या आळ्यात त्याच बिया टाकायच्या. आक्काच्या सासूनं तिच्या ओटीत असंच घातलं होतं, तिच्या आजेसासूनं सासूच्या. सुनेच्या लग्नाला तेव्हा दोन वर्षं झाली होती, आणि नवरा वर्षातून एकदा रजेवर येत असला तरी पाळणा हलला नाही याची मोजदाद गावानं ठेवलेलीच होती.

चैत्रात पहिलं फळ तयार झालं. झालं काय, पट्ट्याचं आणि तिकडीचं एकाच दिवशी. आक्का पट्ट्याच्या वेलाकडे वळली. मी म्हटलं, "आक्का, तिकडीचं घाला की ओटीत! इथे आजवर कुणाच्या ओटीत पडलं नाही असं फळ आहे."

आक्का घुटमळली. मी समजावून सांगितलं. काय सांगितलं ते आठवत नाही, पण बराच वेळ सांगितलं. शेवटी तिनं तिकडीचं तोडलं. काळपट हिरवं, वाटोळं, सहा-सात किलोचं. सुनेनं ते वाळूवर ठेवून बुक्कीनं फोडलं. आत लालभडक, कडेपर्यंत लाल. दहा-बारा माणसं जमली होती, सगळ्यांच्या तोंडून एकदम आवाज निघाला. सुनेनं फोड खाल्ली, पदर पुढे धरला, आणि पदरात काही पडेना. ती पुन्हा पुन्हा जिभेनं चाचपत होती. मग तिनं मोकळ्या पदराकडे पाहिलं आणि आक्काकडे पाहिलं.

"असू दे," आक्का म्हणाली. "बी हाय घरात, गेल्या सालचं."

मी फुशारलो होतो. कुणीतरी विचारलं, ही करणी केली कशी? कोल्चिसिन म्हटलं तर ह्यांना काय कळणार, असं वाटून मी गावचंच उदाहरण दिलं. म्हटलं, "तुमच्या डोंगरात कळलावी असते ना, आषाढात फुलते ती? तिच्या कंदात असतं तेच औषध. परक्याचं काही नाही, आपल्याच मातीतलं आहे." बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. मला वाटलं, कौतुक वाटलं असेल. कळलावीचा कंद उगाळून बाळंतपणात अडलेल्या बाईच्या बेंबीला लावतात, आणि नको असलेलं पोट पाडायला कुठे वापरतात, हे त्यांतल्या प्रत्येकीला माहीत होतं. मलाही माहीत होतं. मी माणदेशातला, मला माहीत नसेल कसं? पण बोलताना मला ते सुचलंच नाही.

एरवी हे तिथेच जिरलं असतं. पण तो उन्हाळा आणीबाणीचा होता. नसबंदीच्या कॅम्पची जीप कर्णा लावून गावोगाव फिरत होती, आणि जीप दिसली की गडीमाणसं उसात शिरत होती. कुणाला कुठे बाजारातून उचललं, कुठल्या म्हाताऱ्याचं केलं, कुठल्या बिनलग्नाच्या पोराचं केलं, रोज नवं ऐकायला यायचं. खरं किती आणि खोटं किती ते सांगायला वर्तमानपत्रांत जागा नव्हती. आमच्या केंद्राची जीप नेमकी त्याच रंगाची.

आक्काकडून फळं उचलणारा बागवान शहाणा माणूस होता. पहिल्या दोन गाड्या त्यानं सांगलीत हातोहात विकल्या. तिसरी गाडी परत आणली आणि थेट केंद्रावर आला. "साहब, लोग बिया बघून घ्यायला लागले," तो म्हणाला. "बी नाही दिसली की हात लावत नाहीत. म्हणतात, सरकारनं सुईऐवजी फळ काढलंय. खाल्लं की मानूस बी बिनबियांचा." तो हसत नव्हता. जाता जाता दारात थांबून त्यानं आणखी एक सांगितलं. आक्काच्या सुनेला शुक्रवारी माहेरी पाठवणार आहेत. तिच्या बापाला निरोप गेलाय. ओटीत वांझ फळ घातलं, तिनं पहिली फोड खाल्ली, आता तिला काही व्हायचं नाही. पोराला दुसरी बघावी, असं हवालदारांनी मुंबईच्या भावाला पत्र लिहून ठेवलंय.

मी साहेबांना विचारलंही नाही, जीप काढली. राग आला की मला पुढचं दिसत नाही. जीप नदीच्या घाटाच्या उताराला लागली तशी वाळूतली, आंब्याखालची, पारावरची सगळी गडीमाणसं उसाकडे पळत सुटली. मी खाली उतरून ओरडत होतो, "अहो मी आहे! मी, मास्तर!" पाच-दहा मिनिटांनी एकेक जण बाहेर आला. हवालदार सर्वांत शेवटी आले. उसाच्या पात्यांनी दंडावर, गालावर रेघोट्या उमटल्या होत्या. पाकिस्तानच्या लढाईत उभा राहिलेला माणूस माझ्या जीपला भिऊन उसात दडला होता, आणि ते सगळ्या गावानं पाहिलं होतं. त्यांच्याशी बोलायला ह्याहून वाईट वेळ मी शोधूनही काढली नसती.

आक्काच्या वाळूतल्या खोपीसमोर माणसं गोळा झाली. मी एक तिकडी फोडली, फोडी केल्या, सगळ्यांच्या हातात दिल्या. आक्काच्या हातात, सुनेच्या हातात. स्वतः दोन खाल्ल्या. मग बोलायला लागलो. बावीस, चव्वेचाळीस, तेहतीस. बैल, जू, वाटणी. औषधाचा थेंब पडला तो ह्या फळाच्या पणजीवर, तीन वर्षांपूर्वी. फळात त्याचा अंशही नाही. केळ्यात बी असतं का? हळदीला बी कुणी पेरलंय? तिकडीच ती, तीन संचांची. जन्मभर खाता, अंगाला लावता, लग्नात लावता, काय झालं तुम्हाला? आवाज चढला होता. मी बरोबर बोलत होतो, ह्यातलं एक अक्षर चूक नव्हतं. पण फोडी सगळ्यांच्या हातात तशाच होत्या, पाणी मनगटावरून गळत होतं.

हवालदारांनी मला पुरतं बोलू दिलं. मग म्हणाले, "मास्तर, तुमचं इंग्लिश आमाला समजायचं न्हाई. तुमी गडी मानूस, तुमी खाल्लं म्हून काय सिद्ध हुतंय? तुमच्या मंडळींस्नी आना. हितं, समद्यांम्होरं खाऊ द्या. मी ह्ये पत्र हितंच फाडतो."

खिशातून पत्र काढून त्यांनी वर धरलं.

मला दोनच शब्द बोलायचे होते. उद्या आणतो. ते माझ्या तोंडातून आले नाहीत.

बायकोला त्या वेळी तिसरा महिना चालला होता. आम्ही अजून कुणाला सांगितलं नव्हतं, तिच्या आईलासुद्धा नाही. माझ्या डोळ्यांसमोर ती पाटी आली, साहेबांच्या अक्षरातली, आणि कपाटातली तपकिरी बाटली. फळात काही नाही हे मला माहीत होतं. मी ते शिकलो होतो, मी ते शिकवत होतो, सूक्ष्मदर्शकाखाली मी माझ्या डोळ्यांनी मोजलं होतं. तरी मी थांबलो. किती वेळ, ते सांगता येणार नाही. पण पुरेसा थांबलो.

"तिची तब्येत जरा..." मी म्हणालो.

हवालदारांनी मान हलवली. रागानं नाही, समजल्यासारखी. पत्र घडी करून खिशात ठेवलं. माणसांनी हातातल्या फोडी एकेक करून वाळूवर ठेवल्या. आक्काची सून खोपीच्या मेढीला टेकून उभी होती. तिची फोड तोंडापर्यंत गेलेली होती. तिनं ती खाली आणली, पाटीत ठेवली आणि हात पदराला पुसले.

मी घरी आलो तेव्हा बायको भाकरी थापत होती. मी जेवेपर्यंत दम धरला नाही, सगळं सांगितलं. थांबलो तेही सांगितलं, जरा फिरवून सांगितलं. तिनं तव्यावरची भाकरी उलटली.

"फळात काही आहे का?"

"नाही गं. त्याचं असं आहे की..."

"समजावून सांगू नका. आहे का नाही, तेवढं सांगा."

"नाही."

"मग थांबलात कशाला?"

बाहेर शेजाऱ्यांचा रेडिओ लागला होता. तिनं भाकरी विस्तवाला लावली आणि मग म्हणाली, "त्या पोरीला पहिली फोड खायला घालताना नाही थांबलात."

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. सकाळच्या गाडीनं आम्ही निघालो. मी नको म्हणालो होतो, दोनदा म्हणालो, तिनं ऐकलं नाही. फाट्यावरून नदीपर्यंत चालत गेलो. सुनेचा बाप आधीच येऊन बसला होता, टोपी हातात धरून, आणि त्याच्या पायाशी एक पत्र्याची ट्रंक सुतळीनं बांधलेली. सून नवी साडी नेसून तयार होती. रडून झालं असावं, डोळे कोरडे होते.

बायकोनं आक्काला नमस्कार केला आणि कलिंगड मागितलं. आक्कानं आणून दिलं. बायको वाळूवर बसली, तिनं ते बुक्कीनं फोडलं. तिला ती रीत मी कधी सांगितली नव्हती, पण तिनं तसंच केलं. मग हवालदारांकडे न बघता, सगळ्या बायकांना ऐकू जाईल असं म्हणाली, "मला तिसरा महिना आहे. आधीचे दोन गेलेत. हे कुणाला सांगितलं नव्हतं, आता तुम्हाला सांगितलं."

आक्कानं झडप घालून तिचा हात धरला. "नगं पोरी. आगं नगं. कशापायी?"

म्हणजे आक्कासुद्धा. इतके दिवस आक्का माझ्या बाजूची आहे असं मी धरून चाललो होतो.

बायकोनं हात सोडवून घेतला आणि खाल्लं. एक फोड, मग दुसरी, मग तिसरी. पांढरी टरफलंही चावून खाल्ली. कुणी हललं नाही. मी तिच्या गळ्याकडे बघत होतो, प्रत्येक घोट खाली जाताना दिसत होता, आणि खरं सांगायचं तर धावत जाऊन तिच्या हातातलं काढून घ्यावं असं मला वाटत होतं. चौथी फोड तिनं सुनेपुढे धरली. "ये, बस," म्हणाली. सून तिच्याकडे बघत राहिली. मग ट्रंकेला वळसा घालून आली, तिच्या शेजारी बसली आणि खाल्ली.

हवालदारांनी पत्र काढलं. मला वाटलं, फाडतील. त्यांनी ते उलटसुलट पाहिलं आणि परत खिशात ठेवलं.

"वैनींचं बाळंतपन हुस्तवर थांबतो," ते म्हणाले. "मग बगू."

सुनेचा बाप ट्रंक तिथेच ठेवून एकटा परत गेला.

परतीच्या गाडीत मला ह्या वाक्याचा अर्थ लागला. आधीची दोन मुलं कुठल्याही कलिंगडावाचून गेली होती. तिसरंही तसंच जाऊ शकलं असतं, आपल्या कारणानं. मग कुणाला काय समजावणार होतो मी? बायकोला हे वाळूवर बसायच्या आधीच कळलेलं होतं. मी तिच्याकडे पाहिलं तर ती डोळे मिटून बसली होती आणि एक हात पोटावर होता.

पुढचे सहा महिने आम्ही कसे काढले ते आमचं आम्हाला ठाऊक. दर बाजाराला आक्का बागवानाबरोबर निरोप पाठवायची, वैनी बऱ्या हायेत का. नुसता तेवढाच. आषाढात एका दुपारी बायकोच्या पोटात कळा सुरू झाल्या. रिक्षा मिळेना, टांग्यातून दवाखान्यात नेलं. बाहेरच्या बाकावर बसलो होतो तेव्हा माझ्या मनात पहिला विचार काय आला? तिचा नाही, मुलाचा नाही, त्या पोरीचाही नाही. आता म्हणतील फळामुळेच झालं, हा. माझं फळ. मला माझी लाज वाटली आणि आजही वाटते. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या, म्हणाल्या, थांबलंय, पण आता हिनं अंथरुणातून उठायचं नाही. बायको तीन महिने पडून राहिली. स्वयंपाक मी केला. भाकरी जमली नाही, भातावर भागवलं.

केंद्रावरचं काम तोवर आटपलं होतं. कुणी विकत घेईना त्या फळाचं करायचं काय? साहेबांची बदली झाली. जाताना त्यांनी दारावरची पाटी स्वतः काढली. चौकडीचं बी काचेच्या बरणीत राहिलं, मीही ते पुन्हा लावलं नाही.

दिवाळी होऊन गेल्यावर आम्हाला मुलगी झाली. धडधाकट, आवाजानं वॉर्ड डोक्यावर घेणारी. बागवानानं निरोप नेला. हवालदारांनी पत्र चुलीत घातलं, असं त्यानं परत येऊन सांगितलं. "कुछ बोले नहीं," तो म्हणाला, "बस चूल्हे में डाल दिया।"

बारशाला आक्का आणि सून आल्या. दोघींनी मिळून शिवलेलं झबलं आणलं होतं. घर बायकांनी भरलेलं, गाणी चाललेली. मी ओसरीवर पाहुण्यांच्या चपला सरळ करत होतो. सून पाणी प्यायला म्हणून बाहेर आली आणि उभी राहिली. तिला तोवर काही झालेलं नव्हतं. नवरा रजेवर येऊन गेला होता, पुन्हा गेला होता. पण ती घरात होती, ट्रंक माळ्यावर गेली होती.

मी म्हटलं, "बघ, फळात काही नव्हतं. मी तेव्हाच सांगत होतो."

ती तांब्यातलं पाणी प्यायली. मग हळू आवाजात, अजिबात राग न धरता बोलली.

"मास्तर, त्या दिशी माजी फोड तोंडात जायाची व्हती. तुमी सांगत व्हता त्ये मला पटलं व्हतं. समदं पटलं व्हतं. आन् मग तुमी थांबला. मी तुमच्याकडंच बगत व्हते. म्हून मी ती पाटीत ठिवली. दुसऱ्या दिशी खाल्ली ती वैनींकडं बगून."

तिनं तांब्या खाली ठेवला आणि पाळण्याकडे आत गेली. मी तिला काहीही समजावून सांगितलं नाही. चपला सरळ करत बसलो.